छोट्या विमानाचा लांबचा मार्ग कसा आखतात? म्हैसूर ते हुबळी उड्डाणाचे उदाहरण

म्हैसूर : एका इंजिनाचे छोटे विमान एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर नेण्याच्या उड्डाणाला वैमानिकांच्या परिभाषेत ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात. वैमानिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला असे उड्डाण एकट्याने करावे लागते. शेजारी प्रशिक्षक नसतो, दुसरे इंजिन नसते आणि विमान बहुधा इतके साधे असते की ढगात शिरण्याची मुभाही नसते. त्यामुळे उड्डाणातील बहुतेक महत्त्वाचे निर्णय जमिनीवर, नकाशा आणि कागद-पेन्सिल समोर ठेवून, आदल्या दिवशीच घ्यावे लागतात.

हे निर्णय कोणते, त्यांमागचे गणित काय आणि ते चुकल्यास काय होते, हे समजून घेण्यासाठी म्हैसूर हे सोयीचे ठिकाण आहे. शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळी येथील विमानतळ म्हैसूर संस्थानाने 1940 मध्ये उभारला. नूतनीकरणानंतर 2010 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आज येथून प्रवासी विमाने ये-जा करतात आणि ‘ओरिएंट फ्लाइट्स ॲव्हिएशन ॲकॅडमी’ ही वैमानिक प्रशिक्षण संस्थाही येथे आहे. विमानतळाच्या एका बाजूला दख्खनचे सपाट पठार आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम घाट असल्यामुळे मार्ग आखताना विचारात घ्यावे लागणारे जवळपास सर्व प्रश्न येथे उभे राहतात.

नियम काय सांगतात?

भारतातील वैमानिक परवान्यांच्या अटी 1937 च्या विमान नियमावलीच्या दुसऱ्या परिशिष्टात दिल्या असून त्यांची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए, करते. खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान 40 तासांचे उड्डाण लागते. त्यात एकट्याने केलेले किमान 5 तासांचे क्रॉस-कंट्री उड्डाण असावे लागते. यातील एक प्रवास किमान 150 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरचा असावा आणि त्यादरम्यान दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवावे, अशी अट आहे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास आवश्यक असतात आणि त्यातील लांबच्या प्रवासाची मर्यादा 300 सागरी मैलांपर्यंत वाढते. (एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ताशी एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात.)

प्रशिक्षण विमाने साधारणपणे ‘दृश्य उड्डाण नियमां’नुसार उडतात. जमीन, क्षितिज आणि इतर विमाने डोळ्यांनी दिसत राहिली पाहिजेत, हा या नियमांचा गाभा आहे. 10,000 फुटांखाली किमान 5 किलोमीटर दृश्यमानता, ढगांपासून आडवे 1,500 मीटर आणि उभे 1,000 फूट अंतर राखावे लागते. दाट वस्तीवरून जाताना 600 मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान 1,000 फूट वर राहावे लागते. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात अशा उड्डाणांना साधारणपणे परवानगी नसते.

नकाशावरची रेघ

उदाहरणादाखल म्हैसूर ते हुबळी हा मार्ग घेता येईल. (येथील आकडे समजावून सांगण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठी अधिकृत नकाशे, विमानाची पुस्तिका आणि त्या दिवसाची माहितीच वापरावी लागते.) दोन्ही विमानतळांना सरळ रेघेने जोडल्यास अंतर सुमारे 209 सागरी मैल, म्हणजे 387 किलोमीटर भरते. रेघेची दिशा भौगोलिक उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास 334 अंश, म्हणजे वायव्य-उत्तर, येते.

रेघ आखल्यावर पहिले काम म्हणजे तिच्यावर खुणेची ठिकाणे शोधणे. आकाशातून गावे एकसारखी दिसतात. त्यामुळे मोठी धरणे, नद्या, रेल्वेचे फाटे आणि ठळक डोंगर यांना प्राधान्य दिले जाते. या मार्गावर अशी ठिकाणे सुदैवाने भरपूर आहेत :

• कृष्णराजसागर : सुमारे 12 सागरी मैलांवर, जवळपास थेट मार्गाखाली. कावेरीवरील या जलाशयाची भिंत लांबूनही ओळखू येते.
• चन्नरायपट्टण : सुमारे 45 मैलांवर, मार्गाच्या उजवीकडे जवळपास 4 मैल.
• बिरूर जंक्शन : सुमारे 91 मैलांवर, मार्गावरच. बंगळुरू-हुबळी लोहमार्गापासून शिवमोगा शाखा येथे फुटते.
• होन्नाळी : सुमारे 134 मैलांवर, तुंगभद्रेच्या काठी.
• हावेरी : सुमारे 171 मैलांवर, मार्गाच्या किंचित उजवीकडे.

प्रत्येक ठिकाणासमोर तेथे पोहोचण्याची अपेक्षित वेळ लिहिली जाते. प्रत्यक्ष उड्डाणात वैमानिक घड्याळ पाहतो, मग नकाशा आणि शेवटी जमीन. ‘आता 51 मिनिटे झाली, म्हणजे बिरूर दिसले पाहिजे’ असा हा क्रम असतो. उलट क्रमाने, म्हणजे जमिनीवर एखादे गाव पाहून ते नकाशावर शोधू लागल्यास, मनाला हवे तेच गाव सापडण्याचा धोका असतो. वाट चुकण्याच्या अनेक घटनांची सुरुवात अशीच होते.

डावीकडचा डोंगर

सपाट भासणाऱ्या या मार्गाचा खरा धोका रेघेच्या डावीकडे आहे. सुमारे 77 मैलांच्या टप्प्यावर, मार्गापासून पश्चिमेला साधारण 18 सागरी मैलांवर, मुल्लयनगिरी हे कर्नाटकातील सर्वोच्च शिखर उभे आहे. त्याची उंची सुमारे 1,930 मीटर, म्हणजे 6,330 फूट आहे. बाबा बुडनगिरीची रांग याच भागात पसरली आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही अनेकदा हे माथे ढगांत असतात.

उंची ठरवताना आणखी एक नियम लागू होतो. चुंबकीय दिशा 0 ते 179 अंश असल्यास दृश्य नियमांनुसार उडणारी विमाने विषम हजार अधिक 500 फूट, तर 180 ते 359 अंश असल्यास सम हजार अधिक 500 फूट या उंचीवर उडतात. समोरासमोर येणारी विमाने एकाच पातळीवर राहू नयेत, हा यामागचा हेतू. हुबळीकडे जाताना त्यामुळे 4,500, 6,500 किंवा 8,500 फूट असे पर्याय उरतात.

मार्गाखालची जमीन सुमारे 2,500 फुटांवर असल्याने 6,500 फूट ही उंची कागदावर पुरेशी दिसते. मात्र विमान डावीकडे भरकटल्यास मुल्लयनगिरीच्या माथ्यावर जेमतेम 170 फूट उरतात. 8,500 फुटांवर हीच मोकळीक 2,000 फुटांहून अधिक होते.

इंजिन बंद पडण्याची शक्यताही याच हिशेबात येते. सेस्ना 172 हे प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे विमान इंजिनाविना दर 1,000 फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते. जमिनीपासून 4,000 फूट उंचीवर वैमानिकाला सुमारे 6 मैलांच्या परिघात उतरण्याजोगी जागा शोधता येते. 6,000 फुटांवर हा परीघ 9 मैलांचा होतो. म्हणूनच एका इंजिनाच्या विमानात जादा उंची ही राखीव वेळ मानली जाते.

वाऱ्याचे गणित

विमान हवेच्या संदर्भात उडते आणि हवा स्वतः जमिनीवरून सरकत असते. नदीत होडी पलीकडच्या घाटाला लावायची असल्यास नावाडी तिचे तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवतो. वैमानिकही तेच करतो.

हिवाळ्यात दक्षिण भारतात ईशान्येकडून वारे वाहतात. समजा, त्या दिवशी 8,500 फुटांवर 60 अंशांच्या दिशेकडून 20 नॉटचा वारा आहे आणि विमानाचा हवेतील वेग 110 नॉट आहे. हा वारा जवळपास काटकोनात उजवीकडून येतो. मार्गावर राहण्यासाठी विमानाचे नाक सुमारे 10 ते 11 अंश उजवीकडे वळवावे लागते, म्हणजे 334 ऐवजी 345 अंश. या भागात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील फरक सुमारे 2 अंश पश्चिम धरल्यास होकायंत्रावर 347 अंश ठेवावे लागतात. त्यानंतर प्रत्येक विमानातील होकायंत्राची स्वतःची चूक दाखवणाऱ्या पट्टीनुसार शेवटची दुरुस्ती होते. जमिनीवरील वेग सुमारे 107 नॉट आणि प्रवासाचा वेळ 1 तास 57 मिनिटे येतो.

हा हिशेब न करता विमान 334 अंशांवरच ठेवले तर काय होईल? पहिल्या 43 मिनिटांत ते सुमारे 14 सागरी मैल डावीकडे सरकेल. मुल्लयनगिरी मार्गापासून 18 मैलांवर आहे. म्हणजे सपाट पठारावरून जात असल्याच्या समजुतीत असलेला वैमानिक प्रत्यक्षात डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलेला असेल. वाऱ्याची दिशा बदलली तर हीच चूक विमानाला उजवीकडे नेईल. त्या बाजूला दूरवर, चित्रदुर्ग जिल्ह्यात, डीआरडीओची वैमानिकी चाचणी श्रेणी आहे. अशा संरक्षित हवाई क्षेत्रांच्या सीमा व वेळा उड्डाणापूर्वी तपासाव्याच लागतात.

अंदाज आणि प्रत्यक्ष वारा क्वचितच तंतोतंत जुळतात. त्यासाठी वैमानिक ‘साठास एक’ हा जुना ठोकताळा वापरतात. 60 मैल गेल्यावर विमान मार्गापासून 1 मैल बाजूला असेल, तर दिशेतील चूक 1 अंशाची असते. चन्नरायपट्टण उजवीकडे 4 मैलांवर दिसायला हवे होते, पण ते 7 मैलांवर दिसले, असे समजा. याचा अर्थ 45 मैलांत विमान 3 मैल डावीकडे गेले आणि चूक 4 अंशांची आहे. उरलेल्या 164 मैलांत हुबळीवर नेमके पोहोचण्यासाठी आणखी 1 अंश द्यावा लागतो. एकूण 5 अंश उजवीकडे वळले की काम होते. ही दुरुस्ती पाव-अर्ध्या तासातच झाली पाहिजे, म्हणून पहिली खूण कधीही फार दूरची निवडत नाहीत.

टाकीतले लिटर आणि टाकीतले तास

इंधन लिटरमध्ये भरले जाते, पण वैमानिक त्याचा विचार तास-मिनिटांत करतो. सेस्ना 172 च्या प्रचलित प्रकारात वापरता येण्याजोगे इंधन सुमारे 200 लिटर असते. तासाला 35 लिटर खर्च धरल्यास म्हैसूर-हुबळीचा हिशेब असा होतो : जमिनीवरील हालचाल व उंची गाठण्यासाठी 10 लिटर, प्रवासासाठी 68, अनपेक्षित बाबींसाठी दहा टक्के म्हणजे 7, हुबळीला उतरता न आल्यास 40 मैलांवरील बेळगावला जाण्यासाठी 15 आणि अखेरची राखीव 30 मिनिटे, म्हणजे 18 लिटर. एकूण सुमारे 118 लिटर. दिवसाच्या दृश्य उड्डाणासाठी 30 मिनिटांचा अखेरचा राखीव साठा हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अनेक प्रशिक्षक विद्यार्थ्यांकडून यापेक्षा जास्त साठ्याचा आग्रह धरतात.

हाच प्रवास लहान सेस्ना 152 ने करायचा झाल्यास चित्र बदलते. तिच्यात वापरण्याजोगे इंधन सुमारे 93 लिटर मावते, खर्च तासाला 23 लिटर आणि हवेतील वेग 95 नॉट धरू. वरील वाऱ्यात एकूण गरज सुमारे 87 लिटरची येते, म्हणजे केवळ 6 लिटर किंवा पाव तास शिल्लक. तोच 20 नॉटचा वारा थेट समोरून आला, तर जमिनीवरील वेग 75 नॉटवर घसरतो, प्रवास पावणेतीन तासांपेक्षाही लांबतो आणि गरज 99 लिटरवर जाते. विमान, मार्ग व वैमानिक तेच असले, तरी केवळ वाऱ्याच्या दिशेमुळे हे उड्डाण मध्ये कोठेतरी उतरून इंधन घेतल्याशिवाय करता येत नाही.

येथे भारतातील एक खास अडचण समोर येते. पेट्रोलवर चालणाऱ्या या इंजिनांना ‘एव्हगॅस’ लागते, तर बहुतेक विमानतळांवर जेट विमानांचे ‘एटीएफ’च सहज मिळते. देशात एव्हगॅस दीर्घकाळ आयात केले जात होते. इंडियन ऑइलने सप्टेंबर 2022 मध्ये वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळेल असे गृहीत धरता येत नाही. मार्गात इंधन घ्यायचे असल्यास ते तेथे उपलब्ध आहे काय, याची आधी खात्री करणे हा नियोजनाचाच भाग ठरतो. एव्हगॅसचा निळा रंग पाहून ते तपासण्याची पद्धत आहे, कारण पेट्रोल इंजिनात चुकून एटीएफ भरले गेल्यास उड्डाणानंतर लगेचच इंजिन बंद पडू शकते.

चार आसने म्हणजे चार माणसे नव्हेत

सेस्ना 172 मध्ये चार आसने असतात. तिच्या एका प्रकाराची उड्डाणावेळची कमाल वजनमर्यादा 1,157 किलो आहे. उपकरणांसह रिकाम्या विमानाचे वजन सुमारे 770 किलो धरले आणि टाक्या पूर्ण भरल्या, तर इंधनाचे 144 किलो होतात. उरतात सुमारे 243 किलो. सरासरी 80 किलोची तीन माणसे बसली की मर्यादा जवळपास संपते. चौथ्यासाठी इंधन कमी करावे लागते आणि इंधन कमी केले की पल्ला घटतो.

म्हैसूरच्या उंचीमुळे या हिशेबाला आणखी एक बाजू मिळते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाणित तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअस असते. एप्रिलमधील दुपारी पारा 35 अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि प्रत्येक जादा अंशामागे साधारण 120 फूट या हिशेबाने विमान जणू 5,400 फुटांवरील विमानतळावरून उडत असल्यासारखे वागते. याला ‘घनता-उंची’ म्हणतात. इंजिनाची ताकद, पंख्याची ओढ आणि पंखांची उचल ही तिन्ही एकाच वेळी घटतात. 1,740 मीटरची धावपट्टी छोट्या विमानाला तेव्हाही पुरते. मात्र उड्डाणानंतर चढण्याचा वेग लक्षणीय घटतो आणि उत्तरेस काही मैलांवर सुमारे 3,490 फूट उंचीची चामुंडी टेकडी आहे. लांबच्या प्रवासासाठी पहाटेनंतरची वेळ निवडण्याचे हे एक कारण आहे.

हवामान : निघण्यापूर्वीचा निर्णय

दुसरे कारण ढगांचे. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण कर्नाटकात दुपारनंतर वळवाचे ढग झपाट्याने वाढतात. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पावसात घाटालगतचा पट्टा अनेक दिवस ढगांखाली राहतो. हिवाळ्यात सकाळी जलाशय व नद्यांच्या परिसरात धुके असते. विमानतळांची ताजी निरीक्षणे ‘मेटार’ या संकेतरूप अहवालातून आणि पुढील काही तासांचा अंदाज ‘टाफ’मधून मिळतो. धावपट्टी बंद असणे, दिवे नादुरुस्त असणे किंवा हवाई क्षेत्रावरील तात्पुरते निर्बंध यांची माहिती ‘नोटाम’ या सूचनांतून दिली जाते.

दृश्य नियमांनुसार उडणारा वैमानिक ढगात शिरल्यास धोका किती असतो, याची कल्पना अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 1954 मधील प्रयोगातून येते. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला देण्यात आले. सर्वांचेच नियंत्रण सुटले आणि त्यासाठी सरासरी 178 सेकंद लागले. क्षितिज दिसेनासे झाल्यावर कानातील संतुलनाची यंत्रणा माणसाला फसवते. विमान वळत असताना ते सरळ जात असल्याचा भास होतो. माजी अमेरिकी अध्यक्षांचे पुत्र जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) यांचे एका इंजिनाचे विमान 16 जुलै 1999 च्या रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यामागेही असाच दिशाभ्रम असल्याचा निष्कर्ष तपासयंत्रणेने काढला होता.

यावरचा उपाय म्हणजे परतीचा निर्णय आधीच लिहून ठेवणे. म्हैसूर-हुबळी मार्गावर बिरूर हे त्यासाठी नैसर्गिक ठिकाण आहे. ‘बिरूरच्या अलीकडे ढगांचा तळ ठरलेल्या उंचीखाली आला किंवा पुढचे डोंगर दिसेनासे झाले, तर मागे फिरायचे’ असे वाक्य नियोजनपत्रकावर असेल, तर हवेत वाद घालायला जागा राहत नाही. बिरूरच्या पुढे शिवमोगा विमानतळ सुमारे 26 मैलांवर, म्हणजे पाव तासाच्या अंतरावर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या या विमानतळाची धावपट्टी 3,050 मीटरची आहे. बिरूरहून तरीकेरे, भद्रावतीमार्गे जाणारा लोहमार्ग नजरेसमोर ठेवून तेथवर पोहोचता येते. जमीन नीट दिसत असेल तोवरच हा पर्याय उपयोगाचा असतो, म्हणून तो वेळीच वापरावा लागतो.

परवानगी आणि शोधाची व्यवस्था

मार्ग, वेग, उंची, वेळ, इंधन, विमानातील व्यक्तींची संख्या आणि पर्यायी विमानतळ यांची नोंद असलेला उड्डाण आराखडा हवाई वाहतूक नियंत्रणाकडे द्यावा लागतो. तो साधारणपणे निघण्याच्या किमान एक तास आधी सादर केला जातो. भारतात त्याबरोबर हवाई संरक्षण परवानगीचा ‘एडीसी’ क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा ‘एफआयसी’ क्रमांक घ्यावा लागतो. पहिल्याचा संबंध हवाई दलाशी असतो. आकाशात दिसणारे अनोळखी विमान आपलेच आहे, हे त्यावरून कळते.

अनेक नवशिक्यांना ही कागदपत्रे त्रासदायक वाटतात. पण विमान अपेक्षित वेळेनंतर 30 मिनिटांत पोहोचले नाही किंवा संपर्कात आले नाही, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार त्याबाबत ‘अनिश्चितता’ जाहीर होते आणि पुढे शोधाची तयारी सुरू होते. शोध कोठून सुरू करायचा, हे त्याच आराखड्यावरून ठरते. म्हणूनच मार्ग बदलल्यास रेडिओवरून कळवणे आणि सुखरूप उतरल्यावर आराखडा बंद झाल्याची खात्री करणे ही वैमानिकाची जबाबदारी असते. ती विसरली गेल्यास सुरक्षित उभ्या असलेल्या विमानासाठी शोधपथके निघू शकतात.

टाटांच्या टपालापासून आरोहीपर्यंत

भारतीय नागरी हवाई वाहतुकीची सुरुवातच अशा उड्डाणाने झाली. 10 फेब्रुवारी 1929 रोजी देशातील पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने ते अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. दोन मोठ्या शहरांमधील थांबे हे इंधनाच्या पल्ल्यावरून ठरलेले होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होत असल्याने सुरुवातीच्या वर्षांत तेवढ्या काळापुरती ही सेवा पुण्याहून चालवली जाई. हवामानानुसार मार्ग बदलण्याचा धडा तेव्हाच घेतला गेला होता.

मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे 2019 मध्ये ‘माही’ या अतिशय हलक्या, एका इंजिनाच्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. स्कॉटलंडमधील विक येथून निघून आइसलँड व ग्रीनलँड येथे थांबे घेत त्या कॅनडात पोहोचल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी टाटांच्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंतचा प्रवास केला. दोन्ही प्रवासांत लांब अंतराचे तुकडे पाडणे आणि प्रत्येक तुकड्यासाठी उतरण्याची जागा निश्चित असणे हेच सूत्र होते.

आज बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर आणि बेळगाव येथेही वैमानिक प्रशिक्षण चालते. मार्ग आखण्यासाठी टॅबलेट आणि जीपीएस सर्वत्र पोहोचले आहेत आणि वर दिलेले सारे हिशेब ते क्षणात करतात. तरीही परीक्षेत आणि प्रशिक्षणात विद्यार्थ्यांकडून ते हाताने करून घेतले जातात. उपकरणाची बॅटरी संपू शकते, संदेश खंडित होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे यंत्र मार्ग दाखवते, पण कोठून मागे फिरायचे हे ठरवत नाही.

म्हैसूर-हुबळी-शिवमोगा-म्हैसूर असा त्रिकोण सुमारे 420 सागरी मैलांचा होतो आणि व्यावसायिक परवान्याची लांब प्रवासाची अट त्यात पूर्ण होते. पण ढग पाहून बिरूरहून परतलेल्या प्रशिक्षणार्थीची ती अट त्या दिवशी अपुरी राहते, इंधन व विमानभाड्याचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो आणि सारी तयारी पुन्हा करावी लागते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र आराखड्याप्रमाणे मागे वळलेले ते उड्डाण यशस्वीच मानावे लागते.